वडाळ्याच्या वाटेवरची नावं

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या स्मरणिकेत विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, चोपदार आणि पंगतीची बाजू सांभाळणाऱ्या माउलींच्या आठवणी आल्या आहेत. मुक्कामांची गावं आणि पायी वाटचालीतले प्रसंग आले आहेत. ते सगळं यायलाच हवं. पण शंभर वर्षांचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या शंभरातली पहिली वीस-एकवीस वर्षं इंग्रजी अमलातली आहेत. ज्या माणसांनी ही दिंडी उभी केली ती दिवसा गिरणीत नाहीतर गोदीत राबत होती, रात्री भजनाला बसत होती, आणि ज्या रस्त्यानं कामावर जायची त्याच रस्त्यावर प्रभातफेऱ्या, लाठ्या आणि गोळ्या बघत होती. म्हणून त्या काळाचा इतिहास, आणि तो जपायचा कसा, याबद्दल चार शब्द इथे लिहायचं ठरवलं.

माळकरी मंडळींना वाटेल, दिंडीच्या पुस्तकात स्वातंत्र्यलढा कशाला? त्याचं उत्तर आपल्या पायाखालीच आहे.

पंढरीला जमलं नाही तर वडाळा

ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठणं जमत नाही ती मुंबईची माणसं वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जातात. प्रतिपंढरपूर म्हणून ते देऊळ साऱ्या शहराला ठाऊक आहे. शिवडीकरांना तर ते घरचंच. हार्बर लाइनला शिवडीच्या पुढचं स्टेशन वडाळा रोड. टाळ वाजवत चालत निघालं तरी फार वेळ लागत नाही. त्या देवळाची जी कथा सांगतात तिच्यातही मिठागरं येतात, मिठाचे व्यापारी येतात. कारण वडाळा म्हणजे मूळचा मिठागरांचाच मुलूख. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं.

त्या मिठागरांवर १९३० च्या मे-जून महिन्यांत जे घडलं ते आज त्या रस्त्यानं जाणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. आज तिकडे पूर्व मुक्त मार्ग आहे, मोनोरेल आहे, ट्रकांची रांग आहे. मिठाची आठवण शोधूनच काढावी लागते.

मिठावरचा कर आणि चिखलातली माणसं

मिठावर सरकारचा कर होता. मणाला सव्वा रुपया. मीठ समुद्र देतो, ऊन आटवतं, मजूर ओढतो, आणि पैसा घेतो सरकार. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या भाकरीला मीठ सारखंच लागतं, त्यामुळे हा कर गरिबाच्या अंगावर जास्त बसायचा. महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९३० ला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं आणि देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. ५ मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. २१ मेला गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली. त्या दिवशी तिथे वेब मिलर नावाचा अमेरिकन वार्ताहर हजर होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं लिहून पाठवलं आणि धारासणा जगाला माहीत झालं.

वडाळ्याला त्याच दिवसांत हेच चाललं होतं. १८ मेला, रविवारी, मिठागरावर गेलेल्या ४७० जणांना पोलिसांनी पकडलं. २२ मेला १८८ जण धरले आणि त्यांना वरळीला नेलं. २५ मेला शंभर स्वयंसेवक निघाले आणि त्यांच्या मागे दोन हजारांवर बघे आले. मग उजाडला १ जून. हाही रविवार, म्हणजे गिरण्यांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी सुमारे १५,००० माणसं वडाळ्याला लोटली. तुकड्यांमागून तुकड्या पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकापाशी येऊन थडकल्या. पोलिसांनी साखळी धरून वाट अडवली. ती साखळी तोडून लोक आत घुसले, त्यांत बायका होत्या, पोरं होती. गाळ आणि चिखल तुडवत सगळे मिठागरांवर धावले. पोलिसांनी त्यांना हुसकून लावलं. दीडशेच्या आसपास माणसांना मार लागला.

शिवडीच्या माणसाला तो चिखल वेगळा समजावून सांगायला नको. ओहोटीला आपल्या खाडीवर जो गाळ उघडा पडतो, हिवाळ्यात ज्याच्यावर रोहित पक्षी उतरतात, तोच हा गाळ. त्यात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो आणि काढताना पायतण आतच राहतं. त्या गाळातून लाठीचा मार चुकवत मिठासाठी धावणं म्हणजे काय, हे आपल्याला कळतं.

त्यानंतर महिन्याभरानं आषाढी आली असणार, आणि लोक नेहमीसारखे वडाळ्याच्या विठोबाला गेले असणार. मे महिन्यात मिठागरावर गेलेल्यांपैकी किती जण त्या दर्शनाच्या रांगेत उभे असतील, याचा विचार करावा.

वरळीचा तुरुंग

पकडलेल्या इतक्या माणसांना ठेवायचं कुठे, असा प्रश्न सरकारला पडला. तुरुंग भरले होते. तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी सरकारनं कामगारांसाठी या चाळी बांधल्या, त्या १९२० नंतरच्या काही वर्षांत. भिंती जाड, खोल्या एकाला एक लागून, मध्ये लांबच लांब व्हरांडा. राहायला बांधलेली चाळ कोंडवाडा म्हणून वापरायला सरकारला फारसं काही बदलावं लागलं नसेल, असं आमच्यातले जुने चाळकरी चेष्टेनं म्हणतात.

तिथे सुमारे ४,००० सत्याग्रही खटल्याची वाट बघत होते. ३ जूनला त्यांची आणि पोलिसांची झटापट झाली, लाठ्या चालल्या, लष्कर बोलावलं गेलं. नव्वदच्या आसपास माणसं जखमी झाली, त्यांतली पंचवीस जबर. हे आकडे आज आपल्याला मिळतात ते पट्टाभि सीतारामय्या यांनी १९३५ साली काँग्रेसचा इतिहास लिहून काढला म्हणून. लढा चालू असतानाच कुणाला तरी लिहून ठेवायची बुद्धी झाली, म्हणून.

पण त्या पुस्तकात आकडे आहेत. ४७०, १८८, १५,०००. माणसं कोण होती? कुठल्या चाळीतली, कुठल्या खात्यातली, कुठल्या गावची? मोजदाद राहिली, नावं गेली. या लेखात आम्हाला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. लढ्याचा इतिहास आकड्यांनी टिकत नाही, तो नावांनी टिकतो. आणि नाव कसं टिकवायचं हे वारकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही.

कागद कुणाचे टिकले

फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य सरकारचं पुराभिलेख खातं आहे. तिथे इंग्रजांच्या काळचे दप्तरांचे गठ्ठे नीट ठेवलेले आहेत. पोलिसांच्या गुप्त खबरा, मॅजिस्ट्रेटांचे अहवाल, गृहखात्याचा पत्रव्यवहार. त्यातलं निवडक साहित्य सरकारनं १९५७ पासून खंड काढून छापलं. फार मोलाचं काम झालं ते. पण ध्यानात घ्या, हे कागद मुळात लिहिले कुणी? ज्यांनी लाठ्या मारल्या त्यांनी. त्यात सत्याग्रही हा ‘जमाव’ असतो. पुढाऱ्यांची नावं येतात, कारण पुढाऱ्यांवर पाळत होती. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या गिरणी कामगाराचं नाव लिहायचं सरकारला कारण नव्हतं.

आणि त्या कामगारानं स्वतः लिहून ठेवावं, तर अक्षरओळख किती जणांना होती? ज्यांना होती त्यांनाही कागद घरात ठेवायची भीती. झडती झाली, कागद सापडला, तर नोकरी जाणार. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की गावी परत. म्हणून लोकांनी गोष्टी पोटात ठेवल्या, फार तर पोरानातवांना सांगितल्या.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ साली, सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, पेन्शन सुरू केली. ज्यांना मिळाली ती लायक माणसंच होती. पण पेन्शनला साधारण अट होती निदान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, आणि तिचा पुरावा हवा. आता १ जूनला चिखलात धावलेला, पाठीवर वळ घेऊन घरी आलेला आणि सोमवारी सकाळी भोंग्याबरोबर गिरणीच्या गेटात शिरलेला माणूस या अटीत कुठे बसतो? त्याच्याकडे ना शिक्षा, ना दाखला. वळ होते, ते महिन्याभरात गेले. सरकारला पुरावा लागतो आणि तो लागणारच, त्यात सरकारचा दोष काढायचा नाही. पण जे सरकारच्या चाळणीतून खाली पडलं ते उचलून ठेवायचं काम आपलं आहे. ते दुसरं कुणी करणार नाही.

बाबू गेनूंची दोन सांगणी

एक नाव मात्र टिकलं, आणि ते कसं टिकलं हे पाहण्यासारखं आहे. बाबू गेनू सैद. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं म्हाळुंगे पडवळ हे त्यांचं गाव. गरिबीचं घर, बाप लहानपणीच गेला, आई कामासाठी मुंबईला आली आणि पाठोपाठ बाबूही गिरणीत लागले. त्यांच्या चरित्रात सांगतात की वडाळ्याच्या मिठागरावर ते गेले होते, पकडले गेले आणि येरवड्याला शिक्षा भोगून आले. म्हणजे आपल्या वाटेवरचेच ते.

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक निघाला होता. विलायती मालावर बहिष्कार चालू होता. आपल्या मुलखात पिकणारा कापूस गासड्या बांधून विलायतेला जायचा आणि त्याचंच कापड होऊन आपल्यालाच विकायला परत यायचं. शिवडी-कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं ज्यांनी पाहिली आहेत, ज्यांच्या वाडवडलांनी त्या गासड्या पाठीवर वाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट पुस्तकातून शिकायला नको. ट्रक अडवायला स्वयंसेवक रस्त्यावर आडवे झाले. ट्रक बाबू गेनूंच्या अंगावरून गेला. वय अवघं बाविशीच्या आसपास.

सरकार म्हणालं, अपघात. लोक म्हणाले, मुद्दाम घातला. हिंदी ड्रायव्हरनं गाडी पुढे घ्यायला नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटनं चाक हातात घेतलं, अशी हकिगत तेव्हापासून सांगितली जाते. नुसते सरकारी कागद राहिले असते तर आज बाबू गेनू हे रस्त्यावरच्या अपघातात गेलेला एक मजूर एवढेच राहिले असते. ते हुतात्मा राहिले, कारण त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या लोकांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. ते सांगत राहिले. वर्तमानपत्रांत आलं, सभांमधून आलं, घरोघर गेलं. त्यांच्या नावाचा रस्ता झाला. १२ डिसेंबर हा स्वदेशी दिन म्हणून पाळला जातो.

पण नाव पाटीवर राहिलं आणि सांगणारा गेला की पुढे काय होतं तेही आपण पाहिलं. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला कोसळली आणि ६१ माणसं गेली. आजच्या तरुण पोराला ‘बाबू गेनू’ म्हटलं की ती पडलेली इमारत आठवते, ट्रकपुढे आडवा झालेला गिरणी कामगार आठवत नाही. पोरांचा काय दोष? पाटी गोष्ट सांगत नाही. गोष्ट माणसानंच सांगायची असते.

परळचा शुक्रवार

दुसरा प्रसंग तर आपल्या अगदी दारातला. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर हिंदी खलाशांनी संप पुकारला. खायला निकृष्ट, बोलणं अपमानाचं, हे तात्कालिक कारण. पण आगीचं मूळ गुलामीत होतं. खलाशांना पाठिंबा म्हणून २२ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मुंबईच्या कामगारांनी हरताळ केला. गिरण्या बंद. परळ, लालबाग, डिलाईल रोड सगळीकडे माणसंच माणसं. लष्कर आलं, गोळ्या सुटल्या. दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं शहरात मारली गेली, जखमी तर हजारावर. परळला गोळी लागून कमल दोंदे गेल्या. त्या परळच्या महिला संघात काम करणाऱ्या. त्यांच्याबरोबर असलेल्या कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली.

दोनशेहून जास्त माणसं. आम्ही आपसात विचारून पाहिलं, किती नावं येतात? कमल दोंदे यांचं एक नाव येतं. बाकीचे कुणी दूध आणायला निघाले असतील, कुणी गॅलरीत उभे असतील, कुणी दगड हातात घेऊन रस्त्यावर असतील. ते सगळे या गिरणगावाचे होते. त्यांच्यात कुणी माळकरी नसेल असं म्हणवत नाही.

त्याच्या आधीही गिरणगावानं असाच एक हरताळ केला होता. २२ जुलै १९०८ ला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस, असा हिशेब. तेव्हाही गोळ्या चालल्या, माणसं गेली. त्या संपाची दखल लेनिननं त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली. परदेशातल्या माणसानं नोंद केली, आणि आपल्याला मात्र त्या सहा दिवसांत गेलेल्यांची नावं माहीत नाहीत.

गावाकडची बाजू

ही स्मरणिका गावोगावी जाणार आहे. म्हणून गावच्या मंडळींसाठीही दोन शब्द. शिवडी-परळची माणसं म्हणजे घाटावरची नाहीतर कोकणातली. पोटासाठी इकडे, देवासाठी आणि घरासाठी तिकडे. त्यामुळे लढ्याची गोष्टही अर्धी इकडे आहे आणि अर्धी तिकडे.

९ सप्टेंबर १९४२ ला सातारा जिल्ह्यात वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा निघाला. हातात तिरंगा घेऊन परशुराम घार्गे पुढे होते. गोळीबार झाला, नऊ माणसं जागीच किंवा त्या जखमांनी गेली. त्याआधी २४ ऑगस्टला कराडला आणि ३ सप्टेंबरला तासगावला मोर्चे झाले होते, दुसऱ्या दिवशी १० सप्टेंबरला इस्लामपूरला झाला. मग १९४३ पासून पत्री सरकारचा काळ आला. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचे, वारकरी वळणात वाढलेले. त्यांची भाषणं कीर्तनासारखी रंगायची, कारण माणसांना समजेल अशी भाषा त्यांनी गावच्या देवळातच उचलली होती. भूमिगतांना भाकरी कुणी दिली, कुठल्या गोठ्यात ते झोपले, पोलीस आले तेव्हा कुठल्या म्हातारीनं खोटं सांगून परत पाठवले, हा इतिहास कुठल्याही दप्तरात नाही. तो घरात आहे. मुंबईच्या घरांतही आहे, कारण तिकडून पळालेली माणसं इकडे खोलीत लपत होती.

ऐंशीच्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. काही गावांनी ती छान राखली, वाचनालयं चालवली. काही ठिकाणी कुलूप आहे आणि गवत आहे. आपल्या गावात स्मारक असेल तर पुढच्या वेळी गावी गेल्यावर तिथल्या दगडावरची नावं वाचा, आणि सोबतच्या पोराला मोठ्यानं वाचायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

संतांनी घालून दिलेली रीत

आता जपायचं कसं? आम्हाला वाटतं, यासाठी बाहेर कुठे बघायला नको.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळलं आणि चोखोबाराय मजुरांसोबत त्याखाली गेले. शके १२६०. मजुराच्या मरणाची दखल त्या काळी कोण घेणार? पण कथा सांगते की नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून हाडं शोधली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली. आजही महाद्वारात शिरण्याआधी चोखोबांपुढे हात जोडावे लागतात. कामावर मेलेल्या मजुराला शोधायला जाणं आणि त्याला देवाच्या दारातली जागा देणं, ही आपल्या संप्रदायाची रीत आहे. वडाळ्याच्या आणि परळच्या माणसांना शोधायला जायचं ते याच रीतीनं.

दुसरे नाथमहाराज. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. स्वतः एवढे मोठे कवी, पण माउलीच्या ग्रंथात आपलं काही घालायचं नाही आणि कुणी घालू नये असं बजावून ठेवलं. इतिहासालाही हाच नियम लावायचा. आपल्या आजोबांनी लाठी खाल्ली असेल तर लाठीच लिहायची, गोळी लिहायची नाही. ऐकलेलं असेल तर ‘ऐकलं’ म्हणून लिहायचं, पाहिलेलं असेल तर ‘पाहिलं’ म्हणून. एका खोट्या ओवीनं दहा खऱ्या ओव्यांवरचा विश्वास उडतो.

तिसरे संताजी जगनाडे. तुकोबारायांचे अभंग त्यांनी वहीत लिहून ठेवले. गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती लोकांच्या तोंडी जिवंत होती, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. पण तोंडी असलेलं पुढच्या पिढ्यांपर्यंत जसंच्या तसं पोचलं, त्यात संताजींच्या वहीचा वाटा आहे. पाठांतर हवं आणि वहीही हवी.

नावांची वही

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं एक वही घातली आहे. साधी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची. तिच्यात काय लिहायचं ते ठरलं आहे.

पहिलं, ज्याची आठवण आहे त्याचं पूर्ण नाव, गाव, मुंबईतली चाळ, गिरणी किंवा गोदी. दुसरं, काय घडलं आणि कधी. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा, पावसावरून सांगा, घरात कोण जन्मलं त्यावरून सांगा. तिसरं, सांगणारा कोण, आणि त्यानं हे स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं. चौथं, घरात काही कागद, फोटो, बिल्ला, खादीची टोपी, तुरुंगातलं पत्र आहे का. वस्तू आम्ही घेणार नाही. ती तुमच्याच घरी राहील. मोबाइलवर तिचा फोटो काढू आणि मागे-पुढे दोन्ही बाजू घेऊ, कारण फोटोच्या पाठीमागे पुष्कळदा नाव-तारीख असते. वहीच्या दोन नकला होतील, एक दिंडीकडे, दुसरी शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात. एकाच जागी ठेवलेलं एका पावसात जातं, हे मुंबईकराला सांगायला नको.

बायकांचं सांगणं वेगळं लिहून घ्यायचं, हेही ठरलं आहे. घरातला पुरुष बोलायला बसला की आजी आत जाते. पण चिखलात बायकाही धावल्या होत्या, गोळी बाईलाही लागली होती, आणि नवरा तुरुंगात असताना चूल कशी पेटवली हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक?

घाई का, तेही सांगतो. वरळीला, नायगावला, ना. म. जोशी मार्गावर चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. शिवडीच्या चाळी आज आहेत, उद्याचं कुणी सांगावं. लोकांना चांगली घरं मिळावीत, ती मिळायलाच हवीत. शंभर वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत काढली, आता पुरे. पण घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी भंगारवाल्याकडे जाते. त्या पेटीच्या तळाशी एखादा पिवळा कागद असतो. आणि ज्यांनी १९४२ आणि १९४६ डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. १९३० पाहिलेलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही कुणी उरलं नसेल, त्यांच्याकडून ऐकलेले मात्र आहेत. ही दुसरी पिढी गेली की नावाचा धागा तुटला. पेटी टाकण्याआधी उघडा. आजोबा-आजीजवळ अर्धा तास बसा. एवढंच मागणं आहे.

नामस्मरण

आपल्या संप्रदायात नामाला एवढी थोरवी का? कारण ज्याचं नाव घेणारं कुणी आहे तो गेलेला नसतो. ज्ञानोबा-तुकाराम आपण रोज म्हणतो म्हणून ते आज आपल्याबरोबर चालतात. राजांचे शिलालेख झिजले, पण अभंगाच्या शेवटी आलेली साध्या माणसांची नावं टिकली. नामा शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, चोखा महार, जनी दासी. कामाची माणसं आणि कामासकट त्यांची नावं. गिरणीत साचे चालवणाऱ्याचं, गोदीत गासड्या उचलणाऱ्याचं नाव याच रांगेत बसायला काय हरकत आहे?

तेव्हा या वर्षीपासून आषाढीला वडाळ्याकडे निघताना, वाटेत जिथे रिंगण धरून भजन होतं तिथे, वहीत तोवर जमलेली नावं एकदा मोठ्यानं वाचायची असं ठरलं आहे. भाषण नाही, हारतुरे नाहीत. नाव, गाव, चाळ, एवढंच. त्यावर टाळकऱ्यांनी विठ्ठलाचा गजर करायचा आणि पुढे चालायचं. पहिल्या वर्षी नावं थोडी असतील. ज्याच्या घरातलं नाव वाचलं जाईल तो पुढच्या वर्षी शेजाऱ्याला घेऊन येईल. दिंडीसुद्धा अशीच वाढली, दोन टाळकऱ्यांपासून.

आपल्या घरातलं, गावातलं, चाळीतलं नाव असेल तर ते दिंडीच्या कुठल्याही विणेकऱ्याजवळ किंवा चोपदाराजवळ सांगावं. लिहिता येत नसेल तर लिहून घेऊ. नाव एकच असलं तरी चालेल.

॥ पुंडलिक वरदा हरी विठ्ठल ॥